ज्याचं अंग, त्याचा अंगठा

१

दुकानातून गेलेलं सामान परत येतं, हे शेठने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. बावीस वर्षं तो दवाखान्यांना माल पुरवत होता. सुया, कापूस, पट्ट्या, तपासणीचे पलंग, भिंतीवरचे तक्ते, सगळं. या बावीस वर्षांत एका गृहस्थाने वजनकाटा परत आणला होता, कारण काय तर तो वजन जास्त दाखवतो. शेठने काटा आत नेला, फडक्याने पुसला, नव्या खोक्यात घातला आणि तोच परत दिला. आठवड्याने गृहस्थ मुद्दाम सांगायला आले, "याला म्हणतात काटा!" गिऱ्हाइकाशी वाद जिंकला की गिऱ्हाईक गेलं, हे शेठ कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. गल्ल्यामागे उभं राहून शिकला होता.

गल्ल्याच्या वर एक पाटी होती: 'एकदा घेतलेला माल परत होणार नाही.' अक्षर बायकोचं. पाटी सुंदर होती, म्हणून टांगलेली. पाळली कधीच नाही.

तर त्या दुपारी फोन वाजला. पलीकडे सुईवाल्या बाई. चिनी पद्धतीच्या सुयांनी उपचार करणाऱ्या आणि आठ-नऊ जणांचा वर्ग चालवणाऱ्या या बाई नमस्कार-चमत्कारात वेळ घालवत नसत.

"शेठ, तुमच्या पुतळ्याला एक ठिपका जास्त आहे."

"जास्त? बाई, लोक कमी असल्याची तक्रार करतात."

"लोकांचं मला सांगू नका. येऊन बघा."

पुतळा म्हणजे सरावाचा रबरी माणूस. कमरेएवढा उंच, बोडका, अंगभर रेघा आणि त्या रेघांवर काळे ठिपके. प्रत्येक ठिपक्याशी बारीक आकडा. सुई कुठे टोचायची, ते शिकणाऱ्यांनी त्यावर घोकायचं. शेठने असे पन्नासेक पुतळे विकले होते आणि एकाचंही तोंड पुन्हा पाहिलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर शेठने गोड बोलून चार दिवस टोलवला असता. पण बाईंना टोलवणं परवडणारं नव्हतं. बायकोचा हात त्यांच्या हातात होता.

२

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी बायकोच्या हातातून कप पडला आणि त्यानंतर डावा हात खांद्यापासून लोंबत राहिला. बाकी सगळं सुधारलं, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली, पण हात नाही. आणि बायको डावखुरी. दुकानातल्या एकशे चाळीस खणांवरच्या चिठ्ठ्या तिनेच लिहिलेल्या. अक्षर असं, की डॉक्टर मंडळी दुकानात येऊन आधी चिठ्ठ्या वाचत आणि मग माल मागत. आता नव्या खणांवर शेठच्या हातचे कोंबडीचे पाय उमटत होते. ती ते बघे आणि तोंड फिरवून घेई.

मोठ्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर बाईंकडे वीस बैठका ठरल्या. तिसऱ्या बैठकीनंतर करंगळी हलली. त्या दिवशी शेठ दुकानाचं शटर लावायला विसरून घरी गेला होता.

बाईंचा दवाखाना जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. पुढे बसायचा बाक, मध्ये पडदे लावलेले तीन पलंग, मागे वर्गाची खोली. वर्गाच्या दाराला खडबडीत काच. बाईंनी पुतळ्याचा डावा हात वर केला.

"हा बघा. मनगटाच्या वर. रेघेवर आहे, पण आकडा नाही."

ठिपका होता खरा. इतरांसारखाच काळा, गोल.

"छपाईची चूक," शेठ म्हणाला. "नाहीतर तुमच्या वर्गातलं कुणी तरी पेन घेऊन..."

"पुसून बघा."

शेठने स्पिरिटने पुसलं, नखाने खरवडलं. ठिपका हलला नाही. रबरावर नव्हताच तो, रबराच्या आत होता.

बाईंनी पुतळ्याचा इवलासा अंगठा दाखवला. "आमच्याकडे फूटपट्टी चालत नाही, शेठ. एक जागा दुसरीपासून किती लांब, ते अंगठ्याच्या रुंदीने मोजायचं. आणि अंगठा रोग्याचा घ्यायचा, आपला नाही. ज्याचं अंग, त्याचा अंगठा. नवे विद्यार्थी हमखास इथेच चुकतात. परवा एक काडीपैलवान त्याच्या अंगठ्याने एका पहिलवानाला मोजत होता. सुई निघाली दंडाकडे, पोचली कोपराला." त्यांनी दोऱ्याने पुतळ्याच्या अंगठ्याचं माप घेतलं आणि मनगटापासून मोजत आणलं. "हा कुठल्याच मापात बसत नाही. कुणाच्या अंगठ्याने मोजून ठेवलाय कोण जाणे."

"बदलून देतो," शेठ म्हणाला. एका ठिपक्यासाठी अर्धी दुपार फुकट गेली, हे त्याच्या डोक्यात घोळत होतं.

३

नवा पुतळा कारखान्याच्या चिकटपट्टीसकट गेला. पोचवायला मेहुणा गेला, बायकोचा धाकटा भाऊ. दुकानाचा टेंपो तोच चालवायचा.

पुढच्या बैठकीनंतर पुन्हा फोन. "ठिपका आहे. थोडा वर सरकलाय."

"बाई, ठिपके सरकतात का?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय. माल तुमचा आहे."

शेठने फोन ठेवला आणि समोरच्या खोक्याला लाथ घातली. खोक्यात काचेचे पेले होते, हे लाथ बसल्यावर आठवलं.

"भाऊजी, पुतळ्याला तीळ येत असतील," मेहुणा म्हणाला. "वयात आला असेल."

"तुला थट्टा सुचतेय? उद्या त्या बाईने ताईला यायचं नाही म्हणून सांगितलं तर?"

मेहुणा खाली बसून काचा वेचू लागला. मग हळूच म्हणाला, "तिसरा घेऊन आपण स्वतः जाऊ. बाईंसमोर उघडू."

तसंच केलं. तिसरा पुतळा वेगळ्या गठ्ठ्यातला काढला. बाईंसमोर चिकटपट्टी कापली. बाईंनी भिंग घेऊन डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत तपासला. स्वच्छ. पुतळा वर्गाच्या टेबलावर उभा केला, दाराला कुलूप घातलं, आणि किल्ली शेठने स्वतःच्या खिशात टाकली. आता बघू कोण पेन घेऊन येतो ते!

मग बायकोची बैठक सुरू झाली. शेठ बाहेर बाकावर बसला. बाई प्रत्येक सुई प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून लावत. नळी कातडीवर टेकवायची आणि वर निघालेल्या टोकावर बोटाने एक टिचकी. टुक. पडद्याआड टुक, टुक होत राहिलं आणि शेठने सवयीने मोजलं. अकरा. मग बाई पडदा सारून बाहेर आल्या, हात धुतले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसल्या. वीस मिनिटं सुया तशाच ठेवायच्या असतात. मेहुणा खाली टेंपोत होता. दवाखान्यात चौथं माणूस नव्हतं.

"पोरगी जिद्दीची आहे तुमची बायको," बाई म्हणाल्या.

"पोरगी? पंचावन्न आता..."

टुक.

दोघांनीही एकदमच मान वळवली. आवाज पडद्याकडून आला नव्हता. कुलूप लावलेल्या वर्गातून आला होता.

शेठने किल्ली काढली. कुलूप तसंच होतं. खिडकी आतून बंद. टेबलावर पुतळा उभा, आणि त्याच्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मध्ये, एक काळा ठिपका.

"रबर उन्हाने फुगतं," शेठ म्हणाला. "फुगताना आवाज येतो. आतली शाई वर येत असेल."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीवर ऊन नव्हतंच.

४

पुढच्या काही बैठका शेठने धुसफुसत काढल्या. कारखान्याला तीन पत्रं लिहिली. कारखान्याने तिन्हींना तेच उत्तर पाठवलं: अशी तक्रार आजवर आलेली नाही. हे वाक्य शेठ स्वतः गिऱ्हाइकांच्या तोंडावर बावीस वर्षं फेकत आला होता. ते ऐकून माणसाचं टाळकं किती फिरतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

ठिपका मात्र बैठकीगणिक वर चढत होता. पुढचा उमटला की मागचा नाहीसा होई.

"ही रेघ छातीतून निघते आणि मधल्या बोटाच्या टोकाशी संपते," बाईंनी एकदा सांगितलं. "हा ठिपका उलटा चाललाय. बोटाकडून छातीकडे."

इकडे बायकोची मधली तीन बोटं हलू लागली. एक दिवस तिने पेन धरलं. कागदावर एक वाकडी रेघ ओढली आणि ती रेघ शेठसमोर अशी नाचवली, जशी काही मोठी लढाई जिंकून आली होती.

त्याच दुपारी वर्गात एकटा असताना शेठने सहज, अगदी सहज, स्वतःचा डावा अंगठा पुतळ्याच्या मनगटावर आडवा टेकवला. मग उचलून पुढे. मग आणखी पुढे. चौथ्यांदा अंगठ्याची कड बरोबर त्या जागी आली, जिथे आदल्या आठवड्यात ठिपका होता. सहाव्यांदा कालच्या जागी. सातव्यांदा आजच्या ठिपक्याला जाऊन भिडली. कसर म्हणून नाही, केसाचीसुद्धा नाही.

अंगठ्याअंगठ्यांत फरक असतो. शेठचा तर आणखीच वेगळा. दहा वर्षांपूर्वी दुकानाचं शटर त्यावर पडलं होतं, तेव्हापासून नख मधोमध दुभंगून वाढायचं, दोन पाकळ्यांसारखं. दुसऱ्या कुणाचा अंगठा या मापात बसेल, अशी सोय नव्हती.

त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. धंद्यात एक गोष्ट पक्की असते: मालातला दोष आपल्यालाच दिसला, तर आधी तोंड बंद ठेवायचं.

संध्याकाळी तो चहा घेत बसला होता. बायको एकाएकी ओरडली, "अहो, हातावर काय ओतताय!"

उकळता चहा डाव्या मनगटावरून खाली ठिबकत होता. कातडी लाल झालेली. शेठ बघत राहिला. दुसऱ्याच्या हातावर सांडल्यासारखं वाटत होतं. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत टोचून बघितलं, चिमटा काढून बघितलं. काही नाही. तो उजव्या हाताने कामं करणारा, डाव्याचं काम ते किती? कधीपासून असं होतं, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"मानेची शीर दबली असेल," तो म्हणाला. "वजनं उचलतो ना."

"दाखवा मग बाईंना."

"तुझं होऊ दे आधी."

५

चौदाव्या बैठकीच्या सकाळी शेठने मेहुण्याला घेऊन पुतळा उचलला, पोत्यात घातला आणि गोदामात, पलंगांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. बाईंना सांगितलं, कारखाना बदलून देतोय, आठवडा लागेल. इतकं करून त्याला बरं वाटलं. स्वतःवरच चिडला, हे आधीच का केलं नाही म्हणून.

तिसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. हाताला हात लागलेला कळू लागला. चटका बसलेली जागा चक्क दुखली. शेठ आनंदाने कळवळला.

त्याच दिवशी, दुसरी बिनपुतळ्याची बैठक करून आल्यावर, बायकोने पेन धरायचा प्रयत्न केला. पेन निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. बोटं परत पहिल्यासारखी आखडून आत वळलेली.

"धरता येत होतं हो!" ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात 'क' काढला होता मी! पूर्ण 'क'!" तिने उजव्या हाताने पेन उचलून भिंतीवर फेकलं. या बाईला आठ महिन्यांत शेठने एकदाही रडताना पाहिलं नव्हतं. आता ती भिंतीकडे तोंड करून बसली, खांदे हलत होते, आणि डावा हात मांडीवर कुणाचा तरी विसरलेला हातमोजा पडावा तसा पडला होता.

शेठ गोदामात गेला. पलंगांच्या मागे पोतं तसंच होतं. तो त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसला. डावा हात उघडला, मिटला. उघडला, मिटला.

देणं-घेणं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. एका पारड्यात घातलं की दुसऱ्यातून उचलावं लागतं, इतकं तर मिरच्या तोलणाराही जाणतो. त्याला राग येत होता तो वेगळाच. हा सौदा ठरवला कुणी? कधी? त्याला कुणी विचारलं का? मग त्याला आठवलं. पहिल्या बैठकीला, पडद्याआड बायको विव्हळली तेव्हा, बाकावर बसून तो कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटला होता, "तिच्या हातातलं काढा आणि माझ्या हातात घाला, पण संपवा हे एकदाचं."

अशी वाक्यं माणसं रोज बोलतात. ती कुणी मनावर घेतं का?

पोत्यातून आवाज आला नाही. शेठ बराच वेळ थांबला होता, तरी आला नाही. काही म्हणजे काही नाही. पुतळा जणू त्याच्या उत्तराची वाट बघत होता.

६

सोळाव्या बैठकीला शेठने तो स्वतः खांद्यावरून नेला. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मी घेतो की." शेठ त्याच्यावर खेकसला आणि जिना चढून गेला.

"हा तर तोच," बाई म्हणाल्या. दंडावरचा ठिपका त्यांनी लगेच हेरला.

"तोच. असू द्या. मोजू नका आता."

"शेठ, मला वर्गाला शिकवायचं असतं. चुकीचा पुतळा..."

"वीस बैठका होईपर्यंत. मग तुम्ही म्हणाल ते करतो."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचा डावा हात हल्ली खिशातच का असतो?"

"सवय."

"द्या इकडे."

शिक्षिकेपुढे मोठमोठी माणसं हात पुढे करतात, तसा त्याने केला. बाईंनी मनगटावर तीन बोटं ठेवली. नाडी बघायची त्यांची रीत अशी: डोळे मिटून, आधी हलकं, मग दाबून. शेठने हे कितीदा तरी पाहिलं होतं, मिनिटभरात उरकायचं. या वेळी बाई नाडी शोधत बोटं सरकवत राहिल्या. वर, खाली, पुन्हा वर. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी तीच तीन बोटं उठून पुतळ्याच्या डाव्या मनगटावर ठेवली.

आणि चटका बसल्यासारखी उचलली.

"काय झालं?" शेठने विचारलं.

"काही नाही." त्या बोटं पदराला पुसत होत्या. "शेठ, बैठका थांबवू या. जेवढा आला तेवढा हात आला. तुमच्या बायकोला मी समजावते."

"तुम्ही तिला लिहिताना पाहिलंय, बाई?"

"नाही."

"मग थांबवू नका. माल मी उतरवून घेतलाय."

बाई चिडल्या. "तुम्हाला कळतंय का, मी काय म्हणतेय ते?"

"तुम्हाला तरी कळतंय?"

पडद्याआडून बायकोचा आवाज आला, "अहो, तुमचं भांडण झालं असेल तर माझ्या सुया लावा कुणी तरी!"

७

विसावी बैठक भर दुपारी होती. खाली रस्त्यावर हातगाड्या, हॉर्न, कुणी तरी कुणाला तरी हाका मारत होतं. शेठ बाकावर बसला. डावा हात उजव्या हाताने उचलून खिशात ठेवावा लागला होता, खांद्यापर्यंत आता तो त्याचा नव्हताच. सकाळी दुकान सोडताना बायकोने एका खणाची चिठ्ठी लिहून दिली होती. 'कापूस, मोठा.' अक्षर थरथरत होतं, पण तिचंच. ती त्याच्या वरच्या खिशात होती.

पडद्याआड अकरा टिचक्या वाजल्या. बाई बाहेर आल्या, त्याच्याकडे न बघता हात धुवायला गेल्या. नळ सुरू झाला आणि सुरूच राहिला.

शेठ उठला. आपण का उठलो, हे त्याला ठाऊक नव्हतं. वर्गाच्या दाराला कुलूप होतं. खडबडीत काचेला एका कोपऱ्यात नाण्याएवढी जागा घासून गुळगुळीत झालेली. तिथे त्याने डोळा लावला.

पुतळा टेबलावर, खिडकीकडे पाठ करून. उजेड मागून येत होता. पुतळ्याच्या डाव्या खांद्यावर एक अंगठा आडवा टेकलेला होता. पूर्ण माणसाचा, मोठा. तो उचलला गेला, एक अंगठा पुढे टेकला. पुन्हा उचलला, छातीच्या कडेला, जिथून ती रेघ निघते तिथे टेकला. घाई नव्हती. बाईंच्या वर्गातला चांगला विद्यार्थी जसं मोजेल, तसं.

अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं.

अंगठ्यामागे मनगट होतं, त्यावर भाजल्याचा लाल डाग. मनगटामागे बाही. बाहीमागे जे काही होतं, ते पुतळ्याच्या आड लपलं होतं, आणि ते थोडं पुढे वाकू लागलं.

शेठला आपला डावा खिसा चाचपायचा होता. एवढं एकच. उजवा हात तिथवर न्यायचा आणि खिशात काही आहे की नाही, ते बघायचं. उजवा हात निघाला आणि अर्ध्यात थांबला.

"अहो!" पडद्याआडून बायको ओरडली. आवाजात हसू मावत नव्हतं. "अहो, मूठ मिटली! सगळी बोटं! अहो, ऐकताय ना? या ना इकडे, बघा तरी!"

शेठने 'आलो' म्हणायला तोंड उघडलं.

नळ बंद झाला.

टुक.